पट्टे आहेत, पण मूल दिसतं का?

(‘रस्त्याचे प्रश्न’ या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या लेखिका एका महापालिकेच्या रस्ते विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाल्या असून ठाण्यात नौपाड्यात राहतात.)

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी चरईत राहते. नातू दुसरीत आहे. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे त्याला दुपारच्या शाळेत सोडायचं-आणायचं काम माझ्याकडे. गेल्या वर्षी शाळेच्या फाटकासमोर झेब्राचे पट्टे मारले तेव्हा आम्हा सगळ्या आज्यांना हायसं वाटलं. पण पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना गाड्या लागलेल्या असतात, कधी तर पट्ट्यांवरच. मागच्या महिन्यात एक मोटारसायकल नातवाच्या दप्तराला घासून गेली. दप्तराचा बंद तुटला, पोर वाचलं. वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, तिथे म्हणाले पार्किंग पोलिसांचं. वाहतूक पोलिसांकडे गेले, ते म्हणाले रस्ता पालिकेचा. असे तीन अर्ज झाले. आता मी कुणाचं दार ठोठावू?
– एक आजी, चरई, ठाणे

उत्तर: तुम्ही पत्रात फाटकाची खूण नीट दिली होती, म्हणून मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले. बरोबर टेप नेली होती. पट्टे चांगले आहेत. थर्मोप्लास्टिक रंगाचे आहेत, अजून झिजलेले नाहीत. पण फाटकाच्या बाजूला पट्ट्यांना खेटून एक मोठी पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यामागे ओळीने शाळेच्या तीन व्हॅन. पलीकडच्या बाजूला स्कूटरींची रांग आणि रांगेच्या तोंडाशी पाण्याचे जार उतरवणारा टेम्पो.

मी फुटपाथच्या कडेला उकिडवी बसले. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण 110 सेंटिमीटरवर असतात. तेवढ्या उंचीवरून मला त्या गाडीचं बॉनेट दिसलं, बॉनेटवर वाळलेली चिंचेची पानं दिसली, आरशाची खालची कड दिसली. रस्ता दिसला नाही. उजवीकडून येणारी रिक्षा आधी ऐकू आली आणि मग एकदम समोरच आली. गाडीची रुंदी मोजली, ती 1 मीटर 85 सेंटिमीटर भरली. म्हणजे रस्ता बघण्यासाठी तुमच्या नातवाला आधी जवळजवळ दोन मीटर रस्त्यात शिरावं लागतं. तो शिरल्यावरच रिक्षावाल्याला तो दिसतो.

रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यात ताशी 30 किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी 30 मीटर पुढचं दिसलं पाहिजे असं धरलेलं आहे, 40 च्या वेगाला 45 मीटर. तुमच्या फाटकासमोर मूल दिसेपर्यंत रिक्षा पाच-सहा मीटरवर आलेली असते. तेवढ्यात ती थांबत नाही, मग चालक कितीही सज्जन असो आणि पट्टे कितीही पांढरे असोत.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी बाजारातल्या एका रस्त्यावर झेब्रा मारून द्या अशी मागणी माझ्या टेबलावर आली. मी जागा पाहिली, ठेकेदाराकडून पट्टे मारून घेतले, मोजमाप पुस्तकात नोंद केली, बिलावर सही केली. दोन्ही बाजूंना गाड्या लागतात हे मला दिसत होतं. पण पार्किंग आपल्या विभागाचं नाही म्हणून त्याबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. चार महिन्यांनी फुलांची पाटी घेऊन निघालेल्या एका बाईला त्याच पट्ट्यांवर टेम्पोची धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. पंचनाम्याला मला बोलावलं होतं. टेम्पोवाला रडत एकच सांगत होता, ‘ती गाडीच्या आडून आली, मला दिसलीच नाही.’ तो खरं बोलत होता. पट्टे नसते तर ती बाई कदाचित थांबून, डोकावून गेली असती. पट्टे आहेत म्हणून ती निर्धास्त निघाली, आणि ते पट्टे मी मारून घेतले होते. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे आणि मी ते या सदरात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे: ज्या क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या हलवायची तयारी नाही, तिथे पट्टे मारू नयेत. क्रॉसिंग आणि पार्किंग हा एकच निर्णय आहे. आपण तो दोन कार्यालयांच्या दोन नस्त्यांमध्ये वाटून टाकला आहे, म्हणून तुम्ही तीन अर्ज देऊनही तिथेच उभ्या आहात.

आता दार कुणाचं, ते सांगते. दोन्ही ठिकाणी तुम्हाला अर्धं खरं सांगितलं. रस्ता, फुटपाथ, पट्टे, खांब, फलक हे महापालिकेचं काम. गाडी कुठे उभी करायची आणि कुठे नाही, हे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115, 116 आणि 117 खाली ठरतं आणि आपल्याकडे त्याची अधिसूचना पोलीस उपायुक्त (वाहतूक) काढतात. मात्र 117 मध्येच लिहिलेलं आहे की पार्किंगच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायच्या. तेव्हा ‘ते आमचं नाही’ असं म्हणून दोघांपैकी कुणालाच हात झटकता येत नाहीत.

आणखी एक. फुटपाथवर किंवा खुद्द झेब्रावर गाडी उभी करायला नियमाने बंदी आहेच. त्यासाठी वेगळी अधिसूचना लागत नाही, फलकही लागत नाही. पट्ट्यांवर गाडी दिसली तर फोटो काढून वाहतूक शाखेला कळवा, त्यावर आजही दंड होऊ शकतो. अधिसूचना लागते ती पट्ट्यांच्या अलीकडची-पलीकडची जागा मोकळी करून घ्यायला, आणि तुमचा खरा त्रास तिथला आहे.

चौथा अर्ज असा करा. अर्ज एकच, पण तो प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना आणि वाहतूक पोलिसांच्या त्या भागातल्या युनिटला, दोघांनाही उद्देशून. ‘गाड्यांचा त्रास होतो, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका. तशा अर्जावर ‘पाहणी केली, कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा मारून तो बंद करता येतो, मी स्वतः तसे शेरे मारलेले आहेत. मीटरमध्ये मागा. लिहा की, ‘फाटकासमोरील झेब्राच्या दोन्ही कडांना, वाहनं ज्या दिशेने येतात त्या बाजूला 15 मीटर आणि दुसऱ्या बाजूला 5 मीटर जागा नो पार्किंग करावी, ही जागा मोकळी राहावी म्हणून फुटपाथ तेवढ्या भागात एका गाडीच्या रुंदीइतका पुढे घ्यावा, आणि यासाठी महापालिका व वाहतूक पोलीस यांची संयुक्त स्थळपाहणी शाळा भरण्याच्या वेळी ठेवून तारीख कळवावी.’ 15 मीटर म्हणजे तीन गाड्यांची जागा. मी तिथे उभी राहून मोजलेलं हे अंतर आहे, पाहणीत एखादा मीटर इकडे-तिकडे झाला तर वाद घालू नका. वेळ मात्र सोडू नका. सकाळी दहाला आलेल्या साहेबांना तो रस्ता रिकामाच दिसेल.

सोबत नातवाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो जोडा. माझ्याकडे आलेले बहुतेक फोटो मोठ्या माणसाने छातीजवळ मोबाइल धरून काढलेले असत, त्यात रस्ता छान मोकळा दिसे. खाली बसून काढलेला एक फोटो तीन पानी अर्जापेक्षा जास्त बोलतो.

फुटपाथ पुढे घ्या असं मी मुद्दाम म्हणते आहे. नुसता फलक लावला तर आठ दिवस गाड्या लागत नाहीत, नवव्या दिवसापासून लागतात. प्रत्येक फाटकावर हवालदार उभा करता येत नाही. दगडी कड मात्र चोवीस तास उभी असते. फुटपाथ पुढे आला की मूल गाड्यांच्या रांगेच्या बाहेरच्या रेषेवर, उघड्यावर उभं राहतं. त्याला रिक्षा दिसते, रिक्षावाल्याला ते दिसतं, आणि ओलांडायचं अंतरही चारेक मीटरने कमी होतं. हे काम करून घेताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. कडेने वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला खालून वाट ठेवायला सांगा, नाहीतर जूनमध्ये बरोबर झेब्रावरच तळं साचेल आणि मग लोक ते काम उखडून टाका म्हणतील. आणि खांब लावणार असतील तर दोन खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास जागा राहू द्या.

कायमचा निर्णय घ्यायला अधिकारी कचरत असतील तर महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर करा म्हणावं. कलम 115 खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर तो राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरतं. महिनाभर रस्ता मोकळा कसा दिसतो हे लोकांनी पाहिलं की विरोध निम्म्यावर येतो, हा माझा अनुभव आहे.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दोन कागद मागा: त्या रस्त्याच्या पार्किंगबाबत लागू असलेल्या अधिसूचनेची प्रत आणि तुमच्या अर्जावर नोंदवलेल्या अभिप्रायाची प्रत. फी 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, आणि उत्तराची मुदत 30 दिवस आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा महापालिकेचा लोकशाही दिनही आहे, त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो. शिवाय ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासकच कारभार बघत होता, आता जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आहेत. त्यांनाही त्या पाहणीला उभं करा. तुमच्यासारख्या दहा आज्या एकदम गेल्या तर नाही म्हणणं कुणालाही जड जाईल.

शाळेच्या व्हॅनबद्दल थोडं. त्या तीन व्हॅन म्हणजे मुलांची नजर अडवणाऱ्या गाड्यांच्या भिंतीचा मोठा भाग आहेत, पण व्हॅनवाल्या दादांशी भांडू नका. त्यांनाही मुलं सुखरूप हवी आहेत. फाटकापासून तीस-चाळीस पावलं पुढे व्हॅन लावायची आणि तिथून मुलांना फुटपाथवरून रांगेने आणायचं, एवढं मुख्याध्यापकांनी सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी होतं. त्याला अधिसूचना लागत नाही.

प्रश्न: राम मारुती रोडजवळच्या गल्लीत माझं कपड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमच्याकडे पी-1 पी-2, म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलणारं पार्किंग आहे. आता चौकातल्या क्रॉसिंगसाठी चार-पाच गाड्यांची जागा जाणार असं ऐकतोय. गाडी लावायला जागा नाही म्हणून आधीच गिऱ्हाईक मॉलला जातं. पादचाऱ्यांची काळजी सगळ्यांना, आमची कुणाला?
– एक व्यापारी, नौपाडा

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे. तुमच्या भागातल्या दुकानांतून मीही तीस वर्षं खरेदी करते आहे आणि ती दुकानं टिकावीत असं मला मनापासून वाटतं. प्रायोगिक अधिसूचनेत बहुधा हरकती आणि सूचना मागवलेल्या असतात. मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या, तोंडी बोललेलं नस्तीत जात नाही.

पण हरकत लिहिण्याआधी एक दिवस एक काम करा. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, दर तासाला, दुकानासमोरच्या दहा गाड्यांचे नंबर वहीत टिपा. मी नोकरीत असताना अशा वह्या अनेक बाजारांत भरल्या आहेत आणि बहुतेक वेळा निघालं असं की निम्म्या जागा गिऱ्हाइकांच्या नसून दुकानदारांच्या, कामगारांच्या आणि सकाळी गाडी लावून लोकल पकडणाऱ्यांच्या होत्या. एका जागेवर सकाळी दहा ते रात्री नऊ एकच गाडी उभी राहिली तर त्या जागेने एकच माणूस आणला, आणि तोही कदाचित तुमच्याकडे न येणारा. त्याच जागेला अर्ध्या तासाची मर्यादा असेल तर दिवसात बावीस गाड्या येऊन जातात. तेव्हा हरकतीत ‘पार्किंग काढू नका’ इतकंच न लिहिता, ‘उरलेल्या जागांना वेळेची मर्यादा घाला आणि माल उतरवायला सकाळची वेळ राखून ठेवा’ अशी मागणी करा. अशी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते, कारण ती राबवल्यावर कुणाचाच धंदा बुडत नाही. दिवसभराच्या गाड्यांसाठी गावदेवी मैदानाखालचं पार्किंग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तुमच्या व्यापारी मंडळाने कामगारांसाठी तिथे मासिक दराची मागणी करून पाहावी.

पी-1 पी-2 बद्दल एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. त्यामुळे अशा रस्त्यावरच्या क्रॉसिंगची एक बाजू रोजच झाकलेली असते, फक्त झाकणारी बाजू बदलते. ज्या मुलाला सोमवारी इकडून दिसतं त्याला मंगळवारी दिसत नाही, आणि त्याला तारीख बघून रस्ता ओलांडायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून क्रॉसिंगपाशी दोन्ही बाजू दोन्ही तारखांना मोकळ्या ठेवाव्याच लागतील. त्या जागेवर मी तुमच्या बाजूने बोलू शकणार नाही.

प्रश्न: वय 74, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन चालतो. वाशीत आमच्या सेक्टरबाहेरचा मोठा रस्ता ओलांडताना हिरवा माणूस 15 सेकंद राहतो. मी दुभाजकापाशी पोहोचतो तेवढ्यात गाड्या सुटतात. घड्याळ लावून मोजलं आहे. तक्रार केली तर ‘सिग्नल बरोबर आहे’ म्हणतात.
– एक ज्येष्ठ नागरिक, वाशी

उत्तर: मोजलंत हे फार चांगलं केलंत. आता रुंदीही मोजू. तुम्ही सहा पदरी रस्ता लिहिला आहे. एक पदर साडेतीन मीटरचा धरला तर 21 मीटर, दुभाजकाचा एखादा मीटर मिळवून 22. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरायची पद्धत आहे. त्या हिशेबाने धडधाकट माणसालाही 18 सेकंदांहून जास्त लागतात. काठी घेऊन सेकंदाला 0.8 मीटर चाललात तर साडेसत्तावीस. म्हणजे 15 सेकंद कुणालाच पुरे नाहीत, आणि हा हिशेब तुम्ही अर्जात जसाच्या तसा लिहा. आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं.

अर्ज नवी मुंबई महापालिकेच्या विद्युत विभागाला आणि नवी मुंबई पोलिसांच्या वाहतूक शाखेला, दोन्हीकडे एकाच मजकुराचा द्या. पूर्ण 28 सेकंद देता येत नाहीत असं म्हणाले, तर दुभाजकात थांबायची सुरक्षित जागा मागा: काठी आणि व्हीलचेअर मावेल एवढी रुंद, रस्त्याच्या पातळीत कापलेली, दोन्ही टोकांना उंच कड असलेली. मग तुम्ही अर्धा रस्ता एका हिरव्यात आणि अर्धा दुसऱ्या हिरव्यात ओलांडाल. ती जागा होईपर्यंत कृपा करून हिरवा माणूस आधीच लागलेला असेल तेव्हा पाऊल टाकू नका. तो नव्याने लागेपर्यंत थांबा, म्हणजे निदान पूर्ण 15 सेकंद हातात असतील.

प्रश्न: कोपरखैरण्यात आमच्या रो-हाउससमोर बाहेरचे लोक गाड्या लावतात. म्हणून आम्ही सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या आणि ‘नो पार्किंग’ची पाटी रंगवून लावली. शेजारी म्हणतात हे बेकायदा आहे. खरं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: खरं आहे. कुंपणाच्या बाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे, तिथे वाहतुकीचा फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 प्रमाणे सरकारने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. तुमच्या पाटीवरून कुणालाही दंड होत नाही, उलट कुंड्यांबद्दल तुम्हालाच नोटीस येऊ शकते. आणि कुंड्या फुटपाथवर असतील तर आजच आत घ्या. अडथळा नसलेला फुटपाथ हा संविधानाच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या कुंडीला वळसा घालायला एखादी गरोदर बाई रस्त्यावर उतरते, तेव्हा तिला अडवणारे तुम्ही असता.

तुमच्या फाटकातून गाडी आत-बाहेर करताना कुणी वाट अडवली तर मात्र ती तक्रार पूर्ण वैध आहे, फाटकासमोर गाडी लावायला नियमानेच बंदी आहे. नंबरप्लेटसह फोटो काढून वाहतूक शाखेला पाठवा. बाकी समोरची मोकळी जागा तुमच्या घरासमोर असली, तरी तुमची नाही.